पिग्मॅलियन मराठीत बसवायचंय: संहिता कुठली, शेवट कुठला?

नांदी_दोन

मंडळी, नमस्कार. आमच्या हौशी गटाला बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' मराठीत करायचंय, म्हणजे उच्चारतज्ज्ञ हिगिन्स पैजेवर एलायझा या फुलवालीला बाईसाहेबांसारखं बोलायला शिकवतो ते नाटक. पुलंनी त्यावरून केलेल्या 'ती फुलराणी'चा प्रयोग नाही, थेट मूळ इंग्रजीवरून नवं रूपांतर. नट दहा (पाच बायका, पाच पुरुष), फिरता रंगमंच नाही, मध्यंतर सोडून हातात दोन तास वीस मिनिटं.

अडचण अशी की गटात या नाटकाच्या दोन प्रती आहेत आणि त्यांचा मजकूर जुळत नाही. एकीत दूतावासातला मोठा समारंभ आहे, दुसरीत त्याचा पत्ताच नाही. शेवटचं पानही वेगळं. निम्म्या मंडळींच्या डोक्यात याच गोष्टीवरचा संगीत चित्रपट 'माय फेअर लेडी' पक्का बसलाय, त्यामुळे 'नाचाचा प्रवेश नसेल तर लोक काय बघणार' असा सूर आहे. तर जाणकारांनी सांगावं: कुठली प्रत धरायची, समारंभ दाखवायचा की नाही, शेवट कुठला, आणि हक्कांचं काय?

जुनी_संहिता

दोन्ही प्रती अस्सल आहेत, फक्त वेगवेगळ्या काळातल्या.

नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते जर्मनमध्ये, व्हिएन्नात, १६ ऑक्टोबर १९१३ ला. लंडनचा पहिला प्रयोग ११ एप्रिल १९१४ चा. हिगिन्स हर्बर्ट बीरबोम ट्री, एलायझा मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल. १९१६ मध्ये पुस्तक आलं, त्यात प्रस्तावना आणि 'पुढे काय झालं' सांगणारं लांबलचक गद्य टिपण जोडलेलं होतं. ही झाली जुनी संहिता. इंटरनेटवर फुकट मिळते ती बहुतेक हीच.

मग १९३८ मध्ये इंग्लंडात चित्रपट झाला. त्यासाठी शॉने नवे प्रवेश लिहिले आणि १९४१ च्या आवृत्तीत त्यातले पाच नाटकात घालून छापले: पहिल्या अंकाच्या शेवटी एलायझा टॅक्सीतून आपल्या खोलीवर जाते तो, दुसऱ्यात हिगिन्सची घरकारभारीण मिसेस पीअर्स तिला आंघोळ घालते तो, दुसऱ्याच्या शेवटी धड्याचा नमुना, तिसऱ्याच्या शेवटी दूतावासातला समारंभ आणि चौथ्याच्या शेवटी रस्त्यावर एलायझा आणि तिच्यावर भाळलेला फ्रेडी यांची भेट. हे प्रवेश चांदण्यांच्या (*) ओळींनी वेगळे केलेत. सिनेमा किंवा भरपूर यंत्रसामग्री असलेला रंगमंच नसेल तर ते गाळा, असं शॉने सुरुवातीलाच बजावलंय. ओळखायची सोपी खूण: तिसऱ्या अंकाच्या शेवटी नेपोमक नावाचा केसाळ दाढीवाला दुभाषा भेटला की प्रत १९४१ ची.

पण चांदण्यांमधला मजकूर गाळला की आपोआप जुनी संहिता उरते, असं धरून चालू नका. शेवटचे संवादही बदललेत. हिगिन्स जाता जाता एलायझाला हॅम, चीज, हातमोजे आणि टाय आणायला फर्मावतो. जुन्यात ती तिरस्काराने 'तुमचे तुम्ही आणा' म्हणते आणि बाहेर पडते. १९४१ मध्ये ती प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार ठेवून आहे, आठ नंबरचे हातमोजे अस्तर लावून हवे असतील तर तुम्हाला लहान पडतील इथपर्यंत, आणि माझ्यावाचून तुमचं कसं व्हायचं असं विचारून निघते. शेवटचं हसूही वेगळं. जुन्यात तो 'आणेल ती, बघच' या खात्रीने खिशातली नाणी खुळखुळवत आपल्याशीच हसतो. नव्यात ती फ्रेडीशी लग्न करणार म्हणून खदाखदा हसतो. एक प्रत निवडा आणि तिला धरून राहा. दोन्हींची खिचडी केलीत तर एलायझा एका वाक्यात तुटते आणि पुढच्यात काळजी करते.

आता हक्क. शॉ २ नोव्हेंबर १९५० ला गेला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे भारतात १ जानेवारी २०११ पासून त्याची नाटकं मोकळी आहेत. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, तिथे २०२१ पासून. अमेरिकेत जुनी संहिता मोकळी, पण १९४१ ची भर अजून हक्कात आहे. प्रयोगाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकायचं मनात असेल तर हे आधी लक्षात घ्या, नंतर नको. या कारणासाठीच मी जुनी संहिता धरायला सांगेन.

दुसऱ्यांच्या गोष्टींना हात लावू नका. 'माय फेअर लेडी'चे शब्द अ‍ॅलन जे लर्नरचे, तो १९८६ मध्ये गेला, म्हणजे आपल्याकडे २०४६ अखेरपर्यंत हक्क. 'ती फुलराणी' पुलंची, ते २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० अखेरपर्यंत. स्पेनमधल्या पावसाची ती प्रसिद्ध ओळ शॉच्या नाटकात नाहीच. ती १९३८ च्या चित्रपटातून आली. त्या पटकथेवर शॉखेरीज इतरांचीही नावं आहेत आणि त्यातला सेसिल लुइस १९९७ पर्यंत हयात होता. तेव्हा जिभेला व्यायाम देणारी ओळ तुमची तुम्ही रचा. आणि कुणाचा छापील मराठी अनुवाद वापरणार असाल तर त्या अनुवादकाचा हक्क वेगळा, शॉ मोकळा झाला म्हणून तो मोकळा होत नाही.

जाहीर प्रयोग असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडे लागतेच. एलायझाच्या तोंडी एक शिवराळ शब्द आहे, त्यावर तिथे प्रश्न येऊ शकतो. तो शब्द तिसऱ्या अंकाचा कणा आहे, म्हणून पर्याय आधीच ठरवून ठेवा.

विंगेतला

वरच्या प्रतिसादाशी सहमत. समारंभाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गट तिथेच घसरतात.

मूळ नाटकात पैज जिंकल्याचा प्रसंग दाखवलेलाच नाही. शिकवणीही नाही. दुसऱ्या अंकात पोरगी दारात येते, तिसऱ्यात एकदम हिगिन्सच्या आईकडच्या चहाला हजर होते, चौथ्यात सगळं संपवून मध्यरात्री घरी परतते. शॉला आधी आणि नंतर यांतच रस होता. सिनेमावाल्यांनी नेमक्या त्या दोन फटी भरल्या. १९३८ च्या चित्रपटात शिकवणीचे तुकडे झपझप कापून जोडलेत (संकलक डेव्हिड लीन, पुढे मोठा दिग्दर्शक झाला तोच), तोंडात गोट्या ठेवून बोलायला लावणं वगैरे. पडद्यावर ते दोन-तीन मिनिटांत उरकतं. रंगमंचावर तेच करायचं तर आठ ब्लॅकआउट, आठ वेळा कपडे, आणि प्रत्येक ब्लॅकआउटला प्रेक्षक खोकणार.

समारंभाचं तर त्याहून अवघड. दहा नटांत दूतावास भरत नाही. नऊ जण भरजरी कपड्यांत उभे करून मागे वाद्यवृंदाची ध्वनिफीत लावली की तो लग्नाचा हॉल दिसतो. आणि मुख्य म्हणजे तिथे विनोद जवळजवळ नाही. ती जिंकते, बस. हसायला फक्त नेपोमक आहे, जो ठामपणे सांगतो की ही इंग्रज नाहीच, हंगेरीची राजकन्या आहे, कारण इतकं शुद्ध इंग्रजी शिकवलेल्या परक्यालाच येतं. ही गंमत वाया घालवायची नसेल तर चौथ्या अंकात हिगिन्सचा मित्र कर्नल पिकरिंग याच्या तोंडी दोन वाक्यांत येऊ द्या. मराठीत ती छान बसते: इतकं निर्मळ मराठी ऐकून तिथल्या विद्वानाने ठरवलं की ही इकडची नव्हेच, बडोदा-ग्वाल्हेरकडच्या एखाद्या मराठी संस्थानिक घराण्यातली असणार. एवढं पुरे.

तुमच्या नाटकाचं शिखर तिसरा अंक, आईकडचा चहा. तो कसा चालतो ते नीट बघा. हिगिन्सने तिला दोनच विषय दिलेत, हवा आणि तब्येत. हवेवर ती वेधशाळेचं निवेदन वाचावं तसं एक लांब वाक्य बोलते. उच्चारात खोट नाही. मग कुणी इन्फ्लुएन्झाचं नाव काढतं, तब्येतीचा विषय सुरू होतो, आणि त्याच दाणेदार स्वरात ती सांगते की माझी मावशी त्या तापाने गेली म्हणतात, पण मला विचाराल तर म्हातारीला संपवली. बापाने तिच्या घशात जिन ओतली होती, तिची नवी टोपी कुणी लांबवली, जिने टोपी लांबवली तिनेच म्हातारीला उडवली. फ्रेडी हसून लोटपोट, बाकीच्यांना कळेना हसावं की उठावं.

इथे नेहमी होणारी चूक: एलायझा करणारी मुलगी या प्रवेशात उच्चार अधूनमधून मुद्दाम घसरवते. तालमीत मित्रमंडळी हसतात, म्हणून ते पक्कं होतं. प्रयोगात मात्र लाफ्टर पडत नाही. कारण सारी गंमत उच्चार अव्वल आणि मजकूर गल्लीतला, या फरकात आहे. उच्चार घसरला की फरक मिटला, मग ती नुसती एक गांगरलेली मुलगी उरते. तिने या अंकात एकदाही गांगरायचं नाही. उलट तिला वाटतंय की आपण फार छान गप्पा मारतोय. वेग नेहमीपेक्षा कमी, प्रत्येक अक्षर सुटं, हात मांडीवर. 'संपवली' म्हणताना स्वर वरही जायला नको, खालीही नको. हसू पडल्यावर तिने थांबायचं, पण स्वतः हसायचं नाही. हसणाऱ्या फ्रेडीकडे वळून गंभीरपणे विचारायचं की मी नीट बोलत असेन तर हसता कशाला.

मग तो शिवराळ शब्द. निघताना फ्रेडी विचारतो, बागेतून चालत जाणार का? ती त्याच शालीन सुरात एक शिवी (मूळ इंग्रजीत 'ब्लडी') जोडून म्हणते, चालत? टॅक्सीने जातेय मी. १९१४ मध्ये या एका शब्दावर लंडनमध्ये गहजब झाला. आज त्याचं मराठी भाषांतर शोधू नका, वजन शोधा: रस्त्यावर सर्रास चालतो, पण दिवाणखान्यात ऐकू आला की चमचा बशीत पडतो, असा शब्द. फार जहाल घेतलात तर प्रेक्षक आईच्या बाजूने जातो आणि एलायझा वाईट दिसते. फार मवाळ घेतलात तर काहीच होत नाही. तीन पर्याय घेऊन तीन तालमी करा, बाहेरच्या चार लोकांना बसवा, चेहरे बघा. शब्दानंतर तिचं तात्काळ बाहेर जाणं ठरलेलं आहे. दारापाशी रेंगाळली तर हसू तुटतं, त्यामुळे दार तिच्या खुर्चीपासून सात-आठ पावलांवरच हवं.

वेळेचं म्हणाल तर पाच अंक असे बसतील: पहिला १५ मिनिटं, दुसरा ३५, तिसरा २८, मध्यंतर, चौथा २०, पाचवा ४०. एकूण १३८. मध्यंतर तिसऱ्यानंतरच, दुसरीकडे कुठे नको. पाचवा अंक वाचताना तासाभराचा भासतो, कात्री तिथेच लागेल. फक्त एलायझाचा बाप डूलिटल याचा प्रवेश कापू नका. दुसऱ्या अंकात पोरीच्या बदल्यात पाच पौंड मागणारा, दहा देतो म्हटल्यावर नको म्हणणारा (दहा हातात आले की माणूस विचार करायला लागतो आणि मजा संपते, हे त्याचं तत्त्वज्ञान) हा कचरेवाला पाचव्यात वर्षाला तीन हजार पौंडांच्या वारशाने आणि व्याख्यानांच्या अटीने मध्यमवर्गीय होऊन रडत येतो. पहिला प्रवेश ठेवून दुसरा कापलात तर त्याचा तो सगळा युक्तिवाद अर्धवट लोंबकळतो.

पडदा_पाडा

सिनेमे बघायचेच असतील तर कशासाठी बघायचे ते ठरवून बघा.

१९३८ चा (लेस्ली हॉवर्ड, वेंडी हिलर) चहाच्या प्रवेशासाठी. मूळ शिवी त्यात तशीच आहे आणि हिलरचा सपाट, निर्विकार स्वर वर विंगेतला म्हणतात तो अगदी तसाच.

१९६४ च्या 'माय फेअर लेडी'त हा प्रवेश आईच्या घरातून उचलून अ‍ॅस्कॉटच्या शर्यतीत नेलाय आणि शिवीच्या जागी घोड्याला ओरडून दिलेली आरोळी आहे. हसू पडतं, पण वेगळ्या जातीचं. शॉची एलायझा शालीनपणे बोलताना फसते, इथली भान सुटल्यामुळे. त्याच्या पोटी तुमच्या मुलीला ओरडायची सवय लागेल, म्हणून ते वाचनाच्या आधी दाखवू नका. १७० मिनिटांचा आहे, त्यात पोशाख बघा, सेसिल बीटनचे आहेत. रेक्स हॅरिसनची गाणी ओठ हलवून केलेली नाहीत, चित्रीकरणावेळीच बिनतारी मायक्रोफोन टायमध्ये दडवून घेतली आहेत. ऑड्री हेपबर्नच्या बहुतेक गाण्यांना आवाज मार्नी निक्सनचा. त्यामुळे दोघांच्या गाण्यांचा पोत वेगळा लागतो, तो तुमच्या कानांचा दोष नाही.

नांदी_दोन

फार उपयोगी. समारंभ रद्द, जुनी संहिता पक्की. आता भाषेचं सांगा. एलायझाला कुठली बोली द्यायची यावर आमच्यात तट पडलेत. कोकणी वळणाची, वऱ्हाडी, की मुंबईची मिश्र? आणि 'ती फुलराणी'ची सावली कशी टाळायची? आमची मुलगी आत्ताच भक्ती बर्वेंच्या सुरात बोलायला लागलीय.

बोली_आणि_बैठक

आधी सावलीबद्दल. पुलंनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' केलं तेव्हा वर्गभेदाच्या जागी नुसता उच्चार ठेवला नाही. मराठीत बोलण्यावरून जात, गाव, शिक्षण सगळंच ओळखू येतं, ते सगळं मंजुळा (त्यातली एलायझा) आणि जहागीरदार (त्यातला हिगिन्स) यांच्या मध्ये आणून उभं केलं. ते मराठी नाटक म्हणून उभं राहिलं ते यामुळे. पण लोकांच्या मनात भक्ती बर्वेंचं म्हणून जे कोरलं गेलंय, ते 'तुला शिकवीन चांगलाच धडा' हे स्वगत. ते शॉमध्ये कुठेच नाही. त्याचं नातं लागतं 'माय फेअर लेडी'तल्या एलायझाच्या चिडून म्हटलेल्या गाण्याशी. म्हणजे तुम्ही मूळ संहितेला धरून राहिलात तर सगळ्यात मोठी सावली आपोआपच गळते, कारण तुमच्या नाटकात ती जागाच नाही. दुसऱ्या अंकानंतर स्वगत घालायचा मोह होईल. होऊ द्या, पण घालू नका.

बाकीच्यांनी काय केलंय ते बघण्यासारखं आहे. गुजरातीत मधु राय यांचं 'संतु रंगीली' सरिता जोशींनी गाजवलं. तिथेही जोर बोलीच्या झणझणीतपणावर होता. हिंदीत बासू चॅटर्जींच्या 'मनपसंद'मध्ये (१९८०) दातून विकणाऱ्या मुलीला गायिका करायचं ठरतं, भाषेची जागा सुराने घेतली. तिथे नाटकाचा कणाच बदलतो. सूर शिकला म्हणून कुणाची जात-पात झाकली जात नाही, त्यामुळे 'आता मी कुठे जाऊ' हा चौथ्या अंकातला प्रश्न पातळ होतो. २०२३ च्या मराठी 'फुलराणी' चित्रपटात कोळी मुलगी आणि सौंदर्यस्पर्धा आहे. स्पर्धा म्हटली की मुकुट आला, आणि मुकुटाने गोष्ट संपते. शॉची गोष्ट पैज जिंकल्यावर सुरू होते, हे ध्यानात ठेवा.

तुमच्या बोलीसाठी व्यवहारी कसोटी एकच: तुमच्या नटीला ती बोली घरची आहे का? नसेल तर ती पुस्तकी होणार आणि त्या भागातला प्रेक्षक दोन वाक्यांत पकडणार. कुठल्याही एका प्रदेशाची बोली 'अशुद्ध' म्हणून उभी करण्यात धोकाही आहे. वऱ्हाडात प्रयोग लागला आणि हिगिन्स वऱ्हाडीला हिणवतोय, तर लोक हिगिन्सवर न हसता तुमच्यावर चिडतील. मुंबईच्या गिरणगावातली, चार ठिकाणची सरमिसळ झालेली बोली जास्त सुरक्षित आणि पात्राला शोभणारी. हिगिन्स पहिल्या अंकात माणसांचे मुलुख ओळखतो, तिथे मात्र प्रादेशिक छटा मनसोक्त वापरा, एकेका वाक्यापुरत्या.

लिहिताना शॉची युक्ती उचला. त्याने एलायझाचे पहिले काही संवाद उच्चारानुसार वेडेवाकडे लिहिले आणि मग कंसात माफी मागून तो प्रयत्न सोडला, लंडनबाहेर कुणाला कळणार नाही म्हणून. संहितेत पहिली सहा-सात वाक्यं बोलीत तंतोतंत लिहा, पुढे साधं लिहून नटीच्या जिभेवर सोडा. अख्खा अंक उच्चारानुसार लिहिलात तर वाचन रखडतं आणि प्रॉम्प्टरचा जीव जातो.

हिगिन्सच्या नटाकडे जास्त लक्ष द्या. पहिल्या अंकात तो वहीतून तिचंच बोलणं तिच्याच हेलात वाचून दाखवतो. त्याला तो हेल जमला नाही तर हा माणूस तज्ज्ञ आहे यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तालमीच्या पहिल्या आठवड्यात त्याला एलायझाची वाक्यं पाठ करायला लावा, तिच्यासमोर बसून.

आणखी एक. रूपांतर करताना आकडे बदलणार असाल तर गणित जुळवा. एलायझा एका धड्याला एक शिलिंग देऊ करते. तिची रोजची कमाई हाफ क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग. हिगिन्स हिशेब मांडतो: कमाईचे दोन पंचमांश, दिवसाला दीडशे पौंड मिळवणाऱ्या लक्षाधीशाने साठ पौंड द्यावेत तसं. मराठीत रोज पाचशे कमावणारी दोनशे देऊ करेल. कुणी घाईत 'पन्नास रुपये' लिहिलं तर हिगिन्सचं चकित होणंच खोटं पडतं. शाळामास्तरांनी भरलेल्या प्रेक्षागृहात असलं गणित कुणीतरी मनात करतोच.

विंगेतला

शेवटाबद्दल माझं मत: जुनी संहिता धरलीत तरी शेवटी एलायझाला क्षणभर दारात थांबवा, मागे वळून बघू द्या. लोकांना काहीतरी हातात देऊन पाठवावं लागतं. १९३८ च्या चित्रपटातही ती परत येतेच, 'माय फेअर लेडी'तही येते, आणि दोन्ही चालले.

जुनी_संहिता

इथे मात्र असहमत. ट्रीनेही १९१४ मध्ये हेच केलं होतं: शेवटचं वाक्य आणि पडदा यांच्या फटीत एलायझाकडे फुलं फेकायचा. शॉने शंभरावा प्रयोग पाहिला आणि संतापला. माझ्या शेवटाने गल्ला भरतो असं ट्रीचं म्हणणं, तर या शेवटासाठी तुला गोळी घालायला हवी असं शॉचं. पुस्तकाला ते लांबलचक टिपण जोडलं तेही यासाठीच: ती फ्रेडीशी लग्न करते, कर्नलच्या पैशाने फुलांचं दुकान काढते, दुकान आधी तोट्यात चालतं, वगैरे. १९३८ मध्ये चित्रपटवाल्यांनी त्याने लिहून दिलेला शेवट बाजूला ठेवून तिला परत आणलीच.

मुद्दा शॉच्या हट्टाचा नाही. चौथ्या आणि पाचव्या अंकात ती तासभर बसून त्याला एकच गोष्ट समजावते: फुलवाली आणि बाईसाहेब यांत फरक वागण्याचा नसतो, तिला कसं वागवलं जातं याचा असतो. त्यानंतर वळून पाहिलं की तो तास वाया. अलीकडे २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या 'माय फेअर लेडी'त तर गाणी, शब्द तेच ठेवून एलायझाला शेवटी प्रेक्षकांमधून बाहेर चालती केली होती. संगीत नाटकाला जमतं तर तुम्हाला का नाही?

विंगेतला

वळून बघणं मागे घेतो. पण मग हिगिन्सच्या शेवटच्या हसण्याला किमान पाच-सहा सेकंद द्या आणि प्रकाश त्याच्यावर हळूहळू नको, तोडून बंद. हळू मावळवलात तर लोक त्यालाच दुःखी समजून हळहळतात.

बोली_आणि_बैठक

चौथ्या अंकातल्या सपातांचं राहिलं. तिथे एलायझा बराच वेळ एक शब्द बोलत नाही. हिगिन्स सपाता कुठे म्हणून विचारतो, ती उठते, आणते, त्याच्यापुढे ठेवते. त्याला वाटतं त्या आपोआप आल्या. दोघे पुरुष 'सुटलो एकदाचे' म्हणत तिच्या डोक्यावरून गप्पा मारतात. ती या वेळी मधोमध हवी, कोपऱ्यात नको, नाहीतर प्रेक्षकही हिगिन्ससारखा तिला विसरतो आणि सपाता उडाल्यावर दचकतो, पण कारण कळत नाही.

मराठी घरात पायातलं फेकून मारणं इंग्रजी घराच्या मानाने फार जड पडतं. ते हवं असेल तर खुशाल ठेवा, पण मग हिगिन्सचं दचकणं हास्यास्पद करून चालणार नाही. हलकं हवं असेल तर घरात वापरायच्या कापडी सपाता घ्या, बाहेरच्या चपला नकोत. तळ मऊ, आतून थोडा स्पंज, रंग गडद म्हणजे शेवटच्या रांगेतूनही उडताना दिसतात. दोन सपाता, दोन फेकी, मध्ये एक श्वास. पहिली छातीवर, दुसरी चुकून बाजूला. नट दहा-बारा फुटांवर असू द्या. त्याहून जवळ असला तर तो आधीच डोळे मिटतो, लांब असला तर ती नेम धरायला थांबते आणि राग संपतो. दुसरी सपाता प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून तिला रंगमंचाच्या आतल्या बाजूला तोंड करून फेकायला लावा. आणि अंक संपल्यावर दोन्ही परत विंगेत आल्या का ते मोजायला एकाला नेमून ठेवा. पाचव्या अंकात आईच्या दिवाणखान्यात एक सपाता पडलेली दिसली तर काय होईल ते सांगायला नको.